‘आशय नाही’ या शेऱ्याबद्दल अभ्यासक्रम समितीला खुलं पत्र

प्रति,
अभ्यासक्रम समिती आणि दिग्दर्शन विभागातले सर्व सर आणि मॅडम

सप्रेम नमस्कार.

मी आपल्या फिल्म कॉलेजात दिग्दर्शनाच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्या डिप्लोमा फिल्मचा प्रस्ताव नुकताच परत आला. पहिल्या पानावर लाल पेनाने दोनच शब्द होते, ‘आशय नाही’. खाली सही, तीही अशी गिचमिड की कुणाची ते कळू नये. प्रस्ताव साधा होता. एका इमारतीचा जिना. वरून खाली येणारी एक बाई, खालून वर चढणारे दोघे. तिला तळमजल्यावर पोचायचंय, त्यांना ते होऊ द्यायचं नाहीये. अकरा मिनिटं, एकही संवाद नाही. सोबत प्रत्येक मजल्याचा नकाशा जोडला होता, शॉट डिव्हिजन, म्हणजे कुठला प्रसंग किती शॉटमध्ये घ्यायचा त्याची यादी, जोडलं होतं, तिच्या हातातली किल्ल्यांची जुडी कुठल्या मजल्यावर पडते आणि कुठल्या मजल्यावर उपयोगी येते तेही लिहिलं होतं. ती पानं कुणी उलटली असावीत असं दिसत नाही. स्टेपलची पिन जशीच्या तशी होती.

पहिल्याच फेरीत मंजूर झालेल्या फिल्ममध्ये एक माणूस खिडकीबाहेर बघतो. बराच वेळ बघतो. मग पाऊस येतो. ती फिल्म माझ्या जिवलग मित्राची आहे आणि ती उत्तम होईल याची मला खात्री आहे, कारण त्याला प्रकाश कळतो. तेव्हा हे पत्र त्याच्यावर नाही. प्रश्न एवढाच आहे की खिडकीबाहेर बघणाऱ्या माणसात आशय आहे हे समितीला न वाचता कळतं, आणि जिन्यावर जिवाच्या आकांताने लढणाऱ्या बाईत तो नाही हेही न वाचताच कळतं. हे कसं?

कॉलेजबद्दलच्या बाकीच्या तक्रारी सगळ्यांच्याच आहेत, त्या एका दमात सांगून टाकते. कॅमेरा स्टोअर पाचला बंद होतं आणि आम्हाला हवा असलेला उजेड त्यानंतर सुरू होतो. इक्विपमेंटच्या फॉर्मवर तीन सह्या लागतात, त्या तिघांपैकी एक जण कायम रजेवर असतो. एडिट लॅबमध्ये मशिनं कमी आणि त्यांवर चिकटवलेल्या सूचना जास्त. हजेरी भरली नाही तर व्हायवाला बसू देत नाहीत, आणि शूटिंगला गेलो तर हजेरी भरत नाही. याची सगळ्यांना सवय झालीये, सीनिअर्सनाही होती, पुढच्यांनाही होईल. सवय होत नाही ती मारधाडपटांकडे बघून नाक मुरडण्याची. पहिल्या वर्षी सगळ्यांना आपापला आवडता सिनेमा विचारला गेला, तेव्हा मी ‘डाय हार्ड’ म्हणाले. वर्गात हशा पिकला. सर प्रेमाने म्हणाले, “येईल, हळूहळू टेस्ट येईल.” सर, इतकी वर्षं तुमच्याकडून शिकले, बरंच काही बघितलं, आवडलंही. ‘डाय हार्ड’ मात्र आधीपेक्षा जास्त आवडायला लागलाय, आणि त्यात दोष असेल तर तो तुम्ही शिकवलेल्या पटकथेच्या तासांचा आहे.

त्या सिनेमाची सुरुवात आठवून बघा. विमानात शेजारी बसलेला एक प्रवासी नायकाला सल्ला देतो, की मुक्कामाला पोचल्यावर बूट-मोजे काढायचे आणि अनवाणी पायाची बोटं गालिच्यावर मुठीसारखी आवळायची, प्रवासाचा शीण जातो. गमतीचा प्रसंग, कुणी लक्षही देत नाही. नायक पोचल्यावर खरंच तसं करतो, आणि नेमका तेव्हाच गोळीबार सुरू होतो. त्यामुळे पुढचा जवळजवळ सगळा सिनेमा तो अनवाणी आहे. पुढे एका क्षणी खलनायकाच्या हे लक्षात येतं आणि तो आपल्या माणसाला काचा फोडायला सांगतो. विमानातल्या त्या फालतू वाटणाऱ्या संवादापासून रक्ताळलेल्या तळव्यापर्यंत एकच धागा गेलाय. हा प्रसंग एखाद्या गंभीर कौटुंबिक नाटकात असता तर ‘बीजारोपण आणि फलित’ या मथळ्याखाली तुम्ही तो फळ्यावर लिहिला असता. १९८८ सालच्या त्या सिनेमाला संकलन, ध्वनी, ध्वनिपरिणाम आणि व्हिज्युअल इफेक्ट्स अशी चार ऑस्कर नामांकनं होती. पटकथेचं नव्हतं. म्हणजे नाक मुरडणारे फक्त आपल्याच कॉलेजात आहेत असं नाही.

आता गंमत बघा. मारामारी आणि पाठलाग तुम्ही आम्हाला शिकवताच, फक्त तसं म्हणत नाही. ओडेसाच्या पायऱ्यांवर तुम्ही तासन्‌तास घालवलेत. ‘बॅटलशिप पोटेमकिन’, १९२५. सैनिक एका रांगेत खाली उतरताहेत, माणसं पळताहेत, बाबागाडी सुटलीये. त्या पायऱ्या संपतच नाहीत, कारण दिग्दर्शक आयझेनस्टाइन प्रत्येक क्षण वेगवेगळ्या कोनांतून वाटून घेतो आणि पडद्यावरचा वेळ ताणतो. हे मी तुमच्याकडूनच शिकले. पण हा अ‍ॅक्शन सीन आहे, सर. जगातल्या उत्तम अ‍ॅक्शन सीन्सपैकी एक. उतरत्या पायऱ्या, वरून येणारं संकट, मध्ये अडकलेली माणसं. माझ्या प्रस्तावातही जिनाच होता.

जपानी दिग्दर्शक कुरोसावाचंही तेच. ‘सेव्हन समुराय’वर परीक्षेत हमखास प्रश्न येतो आणि उत्तरात ‘मानवतावाद’ लिहिलं की मार्क मिळतात. मानवतावाद आहेच. पण जवळपास साडेतीन तासांच्या त्या सिनेमात शेवटची लढाई आपल्याला का कळते, हे कुणी विचारत नाही. कळते ती आधी दाखवलेल्या नकाशामुळे. कुठून गावात शिरता येतं, कुठे पाणी सोडायचं, कुठे कुंपण घालायचं, सगळं आपल्यासमोर आखलं जातं. चाळीस दरोडेखोर म्हणजे कागदावर चाळीस गोल, आणि एकेक मेला की त्या गोलावर काट. पाऊस, चिखल, घोडे, किंकाळ्या असा कल्लोळ उडतो तेव्हाही आता किती उरले आणि ते कुठून येणार हे प्रेक्षकाला पाठ असतं. त्या लढाईसाठी कुरोसावाने तीन कॅमेरे एकाच वेळी चालवले. एक नेहमीच्या जागी, दुसरा निर्णायक क्षण झटकन टिपण्यासाठी, आणि तिसरा गनिमी काव्याने हिंडणारा. कारण असा प्रसंग दुसऱ्यांदा जसाच्या तसा घडवता येत नाही. १९५४ साली घेतलेला हा निर्णय आज कुठल्याही लाइव्ह मॅचच्या प्रक्षेपणात दिसेल. आम्हाला मात्र एकाहून जास्त कॅमेरे एकत्र चालवायचा एकही तास नाही.

मूकपटांतल्या बस्टर कीटन या नटाला तुम्ही ‘विनोद’ या प्रकरणात घालता. ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’मध्ये (१९२८) वादळात घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्या अंगावर कोसळते आणि तो वरच्या उघड्या खिडकीच्या चौकटीतून सहीसलामत उरतो. ती भिंत खरी होती, वजनाने जवळपास दोन टन. खिडकी आणि त्याच्या खांद्यांमध्ये काही इंचांचीच फट. कीटन तिथे निश्चल उभा आहे आणि सगळं एकाच वाइड शॉटमध्ये घडतं. मध्ये एक कट मारला असता तर तो विनोदही मेला असता आणि थरारही. कट कधी मारू नये याचा यापेक्षा चांगला धडा माझ्या माहितीत नाही. तो आम्हाला दहा मिनिटांच्या क्लिपमध्ये हसवून संपवला गेला.

मी काही सगळ्या मारधाडपटांची वकिली करत नाहीये. बरेचसे रद्दी असतात. कॅमेरा एवढा हलवतात की कोण कुणाला मारतंय ते मारणाऱ्यालाही कळत नसावं. शेवटच्या अर्ध्या तासात कॉम्प्युटरने बनवलेली शहरं कोसळतात आणि कुणालाच वजन नसतं, पडणाऱ्यालाही नाही आणि इमारतीलाही नाही. असल्या सिनेमांतून मी मध्येच उठून बाहेर आलेय. पण खिडकीबाहेर बघणाऱ्या माणसांच्याही कंटाळवाण्या फिल्म निघतातच, त्यावरून तुम्ही तो अख्खा प्रकार अभ्यासक्रमातून काढलेला नाही.

ध्वनीबद्दल बोलू. ध्वनिमुद्रणाच्या मॅडमनी एकदा विचारलं होतं, की शांततेचा उत्तम वापर कुठे दिसतो. मी ‘बुलिट’चं नाव घेणार होते, पण तेवढ्यात दुसऱ्याने एक आदरणीय युरोपीय नाव घेतलं आणि विषय तिकडे गेला. आता सांगते. १९६८ च्या त्या सिनेमातला गाड्यांचा पाठलाग जवळजवळ अकरा मिनिटांचा आहे. सुरुवातीला दोन्ही गाड्या एकमेकींच्या मागावर सावकाश फिरतात, लालो शिफ्रिनचं संगीत दबक्या पावलांनी सोबत चालतं. मग पुढच्या गाडीतला मारेकरी शांतपणे सीटबेल्ट लावतो. फक्त बक्कल अडकवतो. त्याने काही म्हणायची गरजच नाही. टायर किंचाळतात आणि संगीत बंद. तिथून पुढे फक्त इंजिनं, गिअर, चढ-उतारांवर आदळणारी चाकं. एखाद्या दिग्दर्शकाने तिथे ढोल-ताशे लावले असते. त्या संकलनासाठी फ्रँक केलरला ऑस्कर मिळालं. नीट बघितलं तर एकच हिरवी फोक्सवॅगन त्या पाठलागात पुन्हापुन्हा ओलांडली जाते, म्हणजे कंटिन्युइटी, एका शॉटचा पुढच्या शॉटशी मेळ, साफ चुकलीये. कुणाच्याही लक्षात येत नाही. हासुद्धा संकलनाचाच धडा आहे.

आणि ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ (२०१५). याच्यावर मी बोलायला लागले की होस्टेलमधल्या मैत्रिणी दिवा घालवतात, म्हणून थोडक्यात लिहिते. गोष्ट काय, तर वाळवंटातून पळून जायचं आणि मग त्याच वाटेने परत यायचं. बस्स. पण दिग्दर्शक जॉर्ज मिलरने पटकथेऐवजी आधी हजारो चित्रांचा स्टोरीबोर्ड केला. सुमारे ४८० तासांचं फुटेज संकलक मार्गारेट सिक्सेलच्या टेबलावर आलं. तिने त्याआधी अ‍ॅक्शनपट संकलित केलेला नव्हता. दोन तासांच्या सिनेमात अडीच हजारांहून जास्त शॉट आहेत, म्हणजे सरासरी एक शॉट तीन सेकंदांहूनही कमी, तरी डोळे शिणत नाहीत. कारण छायालेखक जॉन सीलने महत्त्वाची गोष्ट सतत चौकटीच्या मधोमध ठेवली. कट झाल्यावर नजरेला शोधाशोध करावी लागत नाही, ती जिथे असते तिथेच पुढचं दिसतं. फ्रेमिंगच्या पहिल्याच तासाला आम्हाला सांगितलं होतं की विषय मधोमध ठेवणं हे नवशिक्याचं लक्षण. नियम शिकवा, पण तो मोडून सहा ऑस्कर मिळालेत हेही त्याच तासाला सांगा. त्यातलं एक सिक्सेलचं होतं.

हाँगकाँगच्या सिनेमावर आपल्याकडे एकही तास नाही, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. गरीब निर्मितीत डोकं कसं चालवायचं हे शिकायचं तर तिथे जायला हवं, आणि आम्ही गरीब निर्मितीचेच धनी आहोत. जॉन वूच्या ‘हार्ड बॉइल्ड’मध्ये (१९९२) हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधला एक लांबलचक अखंड शॉट आहे. दोघे पोलीस गोळ्या झाडत पुढे सरकतात, लिफ्टमध्ये शिरतात, दार बंद होतं, आत दोघांचं बोलणं होतं, दार उघडतं आणि ते दुसऱ्या मजल्यावर बाहेर पडतात. दुसरा मजला नव्हताच. लिफ्टचं दार बंद असेपर्यंत बाहेरच्या माणसांनी तोच कॉरिडॉर बदलून ठेवला होता. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी तो शॉट फक्त लिफ्टच्या दारामागचे आवाज ऐकण्यासाठी परत बघितला. नट आत भावनिक संवाद म्हणताहेत आणि बाहेर वीसेक सेकंदांत कुणीतरी काचा झाडतंय, कुणी मोडकं सामान ओढतंय, कुणी पुढचे स्फोट जोडतंय. सिनेमा ही सामूहिक कला आहे हे वाक्य आपल्या प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर आहे. या लिफ्टमध्ये ते मला पहिल्यांदा दिसलं.

जॅकी चॅनच्या ‘पोलीस स्टोरी’त (१९८५) मॉलमधला शेवट घ्या. तो दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या खांबावरून कित्येक मजले खाली घसरतो, दिवे फुटत जातात, तळहात खरोखर भाजले होते. संकलनात ती उडी वेगवेगळ्या कोनांतून पुन्हापुन्हा दाखवलीये. वास्तववादाच्या दृष्टीने हे अक्षम्य आहे. प्रेक्षक म्हणून बघताना मात्र वाटतं, अजून एकदा दाखवा. ओडेसाच्या पायऱ्यांवर ताणलेला वेळ आणि हा ताणलेला वेळ यांत तत्त्वाचा फरक काय, यावर मला एक ट्युटोरियल लिहायचं होतं. विषय ‘अभ्यासक्रमाबाहेरचा’ ठरला.

फक्त परदेशी नावं घेतेय असं म्हणाल, तर आपल्याकडेच या. १९३५ साली ‘हंटरवाली’मध्ये फियरलेस नादिया ही नटी स्वतःचे स्टंट स्वतः करत होती. पुढच्याच वर्षी ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये ती धावत्या आगगाडीच्या टपावर मारामारी करत होती. बोलपटाला आपल्याकडे जेमतेम पाच वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. आपल्या भारतीय चित्रपटाच्या इतिहासाच्या नोट्समध्ये तिला अर्धी ओळ आहे. आणि ‘शोले’. त्या सिनेमाला त्या वेळी फिल्मफेअरचा एकच पुरस्कार मिळाला, तो संकलनाचा, एम. एस. शिंदे यांना. गब्बरचे संवाद लहान पोरांनाही पाठ आहेत. सुरुवातीच्या आगगाडीवरच्या हल्ल्यात घोडे, डबे, इंजिन आणि बंदुका यांची दिशा एकदाही का हरवत नाही, ते शिंद्यांच्या टेबलावर ठरलं. एका मराठी संकलकाचं हे काम मराठी पोरांना शॉट-बाय-शॉट शिकवायला कुणाची परवानगी लागते?

नादियाचं नाव काढलं त्याला आणखी एक कारण आहे. मला अ‍ॅक्शन दिग्दर्शन करायचंय असं मी एका समुपदेशनाच्या तासाला सांगितलं, तेव्हा मला कंटिन्युइटी किंवा कॉस्च्युमचा विचार करायला सुचवलं गेलं. दोन्ही कामांबद्दल मला आदर आहे. पण १९९२ साली नटी मिशेल योने ‘सुपरकॉप’मध्ये मोटरसायकल उडवून धावत्या आगगाडीवर नेली, आणि मोटरसायकल चालवायला ती त्या सिनेमासाठीच शिकली होती. मला तर फक्त जिना मागायचाय.

आता एक उदाहरण जवळून दाखवते. वर्गात आम्हाला संकलनाचा सराव म्हणून कायम एकच प्रसंग मिळतो, टेबलापाशी बसलेली दोन माणसं. एका मोकळ्या दुपारी आम्ही तिघींनी त्याऐवजी एक ठोसा चित्रित केला. एकच. मारणारीची मूठ आणि खाणारीचा जबडा यांत चांगलं फूटभर अंतर होतं. कॅमेरा मारणारीच्या खांद्यामागे, लांब लेन्स लावून दूर ठेवलेला, म्हणजे ते अंतर दबून जातं आणि मूठ गालाला लागल्यासारखी दिसते. पहिल्या काही टेकमध्ये काहीच पटत नव्हतं. मग लक्षात आलं की ठोसा खरा वाटतो तो मारणारीमुळे नाही, खाणारीमुळे. तिची मान उशिरा वळत होती. मान बरोबर वळली तरी कटमध्ये हवा होती. वाइडमधून क्लोजवर जाताना अगदी बरोबर जुळणाऱ्या फ्रेमवर कट केला तर फटका नुसता चाटून गेल्यासारखा वाटायचा. क्लोजमध्ये मूठ दोन-तीन फ्रेम मागे नेली, म्हणजे तोच क्षण किंचित पुन्हा दाखवला, आणि तिघीही खुर्चीत मागे सरकलो. सेकंदाला चोवीस फ्रेम, त्यांतल्या दोन-तीन. मग आवाज. मूठ-जबड्याचा खरा आवाज अगदीच मिळमिळीत असतो. जाड चामड्यावर मारलेली चापट, तिच्याखाली एक खोल धप्प, आणि वर सेलरीची दांडी मोडल्याचा कडकडाट. फोलीवाले, म्हणजे सिनेमासाठी असे आवाज स्टुडिओत बनवणारे, हाडं मोडायला सेलरीच वापरतात. त्या एका ठोशातून मी लेन्सची खोली, अभिनयातली प्रतिक्रिया, मॅचिंग आणि ध्वनीचे थर शिकले. टेबलापाशी बसलेल्या माणसांकडून हेच शिकायला मला दोन सत्रं लागली असती.

पुढचा मुद्दा थट्टेचा नाही. आपल्याकडे मारामारी, पडणं, पळणं यांपैकी काहीही अधिकृतपणे करता येत नाही, म्हणून ते अनधिकृतपणे होतं. गेल्या पावसाळ्यात एका ज्युनिअरने गच्चीच्या टाकीवरून जुन्या गादीवर उडी मारली आणि मनगट मोडून घेतलं. त्यावर कॉलेजने काय केलं, तर ‘परिसरात कोणत्याही प्रकारचे स्टंट करण्यास सक्त मनाई आहे’ अशी नोटीस लावली. नोटीस वाचून कुणी थांबलं नाही, गच्ची तेवढी बदलली. पडणं शिकवता येतं. स्टंट करणारी माणसं रिकामे पुठ्ठ्याचे खोके रचतात, वर पातळ मॅट टाकतात. खोके चेपत जातात आणि पडणाऱ्याचा वेग खाऊन टाकतात. जुनी गादी चेपते आणि लगेच परत ढकलते. हा फरक त्या पोराला कुणी सांगितला असता तर त्याचं सबमिशन चुकलं नसतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘रस्ट’ या सिनेमाच्या सेटवर, रिकामं म्हणून हातात दिलेल्या पिस्तुलातून खरी गोळी सुटली आणि छायालेखिका हॅलिना हचिन्स गेली. तीही एका फिल्म स्कूलमधून शिकून आलेली होती. उद्या आमच्यापैकी कुणी सेटवर सहायक म्हणून उभं असेल आणि कुणी शस्त्र हातात देईल, तेव्हा ते कुणी तपासलं, कुणासमोर तपासलं, हे विचारायचं धाडस आम्हाला कुठल्या पेपरमधून येणार आहे?

बाहेरचं जगही आता हे काम मोजायला लागलंय. आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांत ६४व्या वर्षापासून स्टंट कोरिओग्राफीचा पुरस्कार आहे, पहिला ‘पुलीमुरुगन’साठी पीटर हेन यांना मिळाला. ऑस्करने २०२७ मध्ये प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांपासून स्टंट डिझाइनचा विभाग जाहीर केलाय. ‘द मेट्रिक्स’मध्ये कियानू रीव्हजचा डुप्लिकेट म्हणून उड्या मारणारा चॅड स्टाहेल्स्की पुढे त्याच रीव्हजला घेऊन ‘जॉन विक’ दिग्दर्शित करतो, आणि त्याची मारामारी लांब, स्वच्छ शॉटमध्ये दिसते, कारण कुठे काही लपवायचं नाही हे त्याला अंगावर शिकायला मिळालं. दिग्दर्शक घडण्याची हीसुद्धा एक वाट आहे. आपल्या करिअर मार्गदर्शनाच्या पत्रकात ती नाही.

समितीकडे माझं मागणं फार मोठं नाही. एका सत्रात अ‍ॅक्शनचं एक मोड्यूल ठेवा, संकलन, ध्वनी आणि छायालेखन या तिन्ही विभागांनी मिळून चालवलेलं. त्यासाठी एखाद्या अनुभवी फाइट मास्टरना कार्यशाळेला बोलवा, भले त्यांच्याकडे पदवी नसेना. पडायचं कसं, पकडायचं कसं, आणि ‘नाही, हे असं करणार नाही’ हे सेटवर कुणाला सांगायचं, एवढं शिकवा. नोटिशीच्या जागी मॅट आणि खोके ठेवा. कॅमेरा स्टोअर आठवड्यातून एक दिवस उशिरापर्यंत उघडं ठेवा, बाकीचे दिवस आम्ही कटकट करणार नाही. निदान मोठ्याने तरी नाही.

माझा प्रस्ताव मी पुन्हा दाखल केलाय. गोष्ट तीच, जिनाही तोच. सोबत सुरक्षेची चार पानं जोडलीत. कुठल्या मजल्यावर कोण पडणार, खाली काय असणार, प्रथमोपचाराची पेटी कुठे, तालमी किती, आणि कुठल्या शॉटला कुणी ‘थांबा’ म्हटलं की सगळे थांबणार. मॅडम, सर, या वेळीही ‘आशय नाही’ असाच शेरा मारायचा असेल तर खुशाल मारा. फक्त कुठल्या मजल्यावर, कुठल्या शॉटमध्ये नाही, तेवढं त्या पानाच्या समासात लिहा. मी तो शॉट बदलून सोमवारी परत घेऊन येते.

आपली नम्र,
दिग्दर्शन विभाग, शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी